पायगुणाची तारीख

“लग्नाच्या आधी यांना झटका आलेला कुणी डोळ्यांनी पाहिलाय का?” पेंढारकर वकिलांनी विचारलं, आणि उत्तर येणारच नाही अशा खात्रीनं पेनाला टोपण लावायला घेतलं.

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. यांना पहिला झटका आला तो लग्नानंतर, माझ्यासमोर, हे मला पाठ होतं. सगळ्या गावालाच पाठ होतं. पण आमचे हे, जे खोलीत शिरल्यापासून भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसले होते, ते पंख्याकडं बघतच म्हणाले, “आईनं पाहिलाय.”

“कुणाच्या आईनं?” मी विचारलं.

“माझ्या.”

वकिलांनी टोपण पुन्हा काढलं. मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. वीस-बावीस वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली, त्यातला मुलगा भरतीच्या मैदानात धावायला लागला, आणि हे वाक्य या माणसानं सांभाळून ठेवलं होतं ते साताऱ्यातल्या एका वकिलासमोर बोलायला.

“कधी पाहिलं?” वकील.

“सुटायच्या आदल्या दिवाळीला. रजेवर आलो होतो. पडवीत.”

माझे यजमान, नाईक आनंदराव कणसे, पंधरा वर्षं फौजेत होते. बर्फाच्या भागात त्यांचा ट्रक रस्त्यावरून घसरला, डोकं फुटलं, टाके पडले, आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले. पुढं पेन्शनीवर सुटले तेव्हाच्या डॉक्टरी कागदावर लिहिलेलं होतं, शेप वन. फौजेच्या भाषेत शेप वन म्हणजे माणूस नखशिखांत ठणठणीत. थंडीत ते सुटून घरी आले, वैशाखात आमचं लग्न झालं, आणि हळदीचा रंग उतरायच्या आत त्यांना फेफरं आलं. तेव्हापासून औषधं चालू होती, झटके चालू होते. एका निवृत्त हवालदारानं सांगितलं की डोक्याच्या त्या माराबद्दल अपंगत्वाची पेन्शन मिळू शकते, म्हणून उशिरानं का होईना अर्ज केला होता, आणि तो नाकारला म्हणून कोर्टात गेलो होतो.

“हे बघा वहिनी,” वकील मला समजावायला लागले, कारण नवरे मंडळींना समजावून उपयोग नसतो हे त्यांना इतक्या वर्षांच्या वकिलीत कळलं असावं. “आजार त्या अपघातामुळेच झाला, हे कोर्ट मानेल असं मला वाटतं. प्रश्न उरतो तारखेचा. अपंगत्व कधीपासून धरायचं? सुटले त्या दिवसापासून, की सिव्हिल हॉस्पिटलचा पहिला कागद आहे त्या दिवसापासून? मधे फरक किती, तर काही महिन्यांचा. पैशात बघाल तर किरकोळ. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या आईंना ओढत आणायची गरज नाही.”

“आणायची,” मी म्हणाले.

“अहो, पण—”

“वकीलसाहेब, त्या काही महिन्यांमध्ये माझं लग्न आहे.”

त्यांना काही ते उमगलं नाही. शहरातला माणूस. पायगुण हा शब्द त्यांनी लहानपणी कधीतरी ऐकला असेल.

आमच्या शिंगणगावात मात्र त्या शब्दावर माणसं जगतात. घरटी एक माणूस फौजेत. पोरगं भरती होऊन निघालं की वेशीवर पाच सवाष्णी त्याला ओवाळतात, कुंकू लावतात, आणि मग तो एसटीत चढतो. त्या पाच कुणी असायचं हे माझ्या सासूबाई ठरवायच्या. सुभेदाराची बायको म्हणून सगळा गाव त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचा, आणि सासरे गेल्यावरही त्यांचा हा मान तसाच राहिला होता. त्या पाचांत माझं नाव कधीही आलं नाही. गावातली कुठलीही सून चालायची. आळशी, तोंडाळ, एकदा तर नवऱ्याशी भांडून माहेरी जाऊन आलेलीसुद्धा चालली. मी नाही. कारण माझ्या पायगुणानं घरातला वाघासारखा गडी आडवा झाला होता.

तो दिवस मला आजही दिसतो. सत्यनारायण झाल्याचा दुसरा दिवस. हे अंगणात दाढी करत होते आणि आरशासकट खाली कोसळले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी हिरव्या चुड्यासकट भिंतीला टेकून ओरडत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या नाहीत. त्या माजघरात गेल्या, कोनाड्यातून एक लाकडी पळी आणली. तिच्या दांड्याला धोतराची चिंधी गुंडाळलेली होती. तो दांडा त्यांनी यांच्या दातांत घातला, मान कुशीवर केली आणि डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मग अंगण माणसांनी भरलं, आणि तेव्हा कुठं त्यांनी गळा काढला. “उंबरा वलांडून आली आन् माज्या वाघाला फेफरं घिऊन आली गं बया!”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय असं? आत्याबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि सांगितलं, “लगीन झाल्यापासनं. त्याच्या आधी शिंकसुदिक आली न्हाई.” डॉक्टरांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते, मळवट भरलेली.

चिंधी गुंडाळलेली पळी कोनाड्यात आधीपासून तयार कशी होती, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही असं नाही. पडला. पण नव्या सुनेला पडलेले प्रश्न ती कुणाला विचारणार? मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या बायकांना सगळं ठाऊक असतं.

एसटीत मी यांना विचारलं, “बोलला का नाहीत कधी?”

“काय बोलायचं?”

“की मी यायच्या आधीपासून आहे म्हणून. गाव मला काय म्हणतं ते ऐकू येत नव्हतं?”

ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. बोलायचं नसलं की त्यांना बाहेर बघायला काहीही पुरायचं, उसाचं शेतसुद्धा. बऱ्याच वेळानं म्हणाले, “दादांनी शपथ घातली होती.” दादा म्हणजे माझे सासरे, सुभेदार. “म्हणाले, हे या चार भिंतींत राहिलं पाहिजे. सुटताना डॉक्टरला काही सांगायचं नाही. शेप वनच घेऊन यायचं.”

“कशासाठी?”

“ते आईला विचार.”

तिकडं राग धरायला जावं तर शपथ घालणारा माणूस मरून गेलेला, आणि इकडं शेजारी बसलेला माणूस असा की त्याच्यावर रागावलं तर झटका येईल की काय ही भीती. आमच्या संसारात भांडणसुद्धा मला कधी धड करता आलं नाही.

घरी आलो तेव्हा आत्याबाई अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वकिलांना साक्ष हवी आहे. तुम्ही पाहिलंय असं हे म्हणतात. तुम्हाला साताऱ्याला येऊन सांगावं लागेल.

त्यांचे हात थांबले नाहीत. “मला काय आठवत न्हाई.”

“पडवीत. दिवाळीला.”

“दिवाळ्या लई झाल्या. कुटली कुटली ध्यानात ठेवू?”

“आत्याबाई, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही.”

“आता तरी कशापायी मागतीस मग?”

मी हरले असं वाटलं तेवढ्यात हे उंबऱ्यावरून म्हणाले, “आई, मी शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात पळी होती. ती तूच धरली होतीस. नंतर तू तिला चिंधी बांधलीस.”

बस्स, एवढंच. माझा नवरा आईसमोर इतकं बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. आत्याबाईंनी सुपातल्या शेंगा तशाच टाकल्या आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. सकाळी मी चहा ठेवत होते तर त्या जरीकाठाचं लुगडं नेसून दारात उभ्या. लग्नाकार्याला काढायच्या ते लुगडं.

“कितीची येस्टी हाय?” त्यांनी विचारलं.

वकिलांच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली तर त्या आधी खुर्चीकडंच संशयानं बघत राहिल्या, मग काठावर टेकल्या. शपथेवरचं निवेदन लिहून घ्यायचं होतं. वकिलांचा कारकून कॉम्प्युटरवर बोटं ठेवून बसला. हे बाहेर बाकावर बसले होते. आत मी, आत्याबाई आणि ते दोघं.

“आजी, घाबरायचं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगायचं.”

“घाबरायला काय झालं? माजा मालक सुभेदार व्हता.”

“सांगा मग.”

त्यांनी सांगितलं. दिवाळीतली सकाळ, अभ्यंगाचं पाणी तापलेलं. पोरगा पडवीत उटणं लावून बसला होता तो एकाएकी आडवा झाला. त्यांना आधी वाटलं, इंचू चावला. मग तोंडातून फेस आला, जीभ दातांत सापडली, रक्त आलं. हाताला लागली ती पळी त्यांनी तोंडात घातली. सुभेदार ओट्यावरून धावत आले आणि त्यांनी पहिलं काय केलं, तर दार लावून घेतलं. रजा संपायच्या आत आणखी एकदा झालं. त्या वेळी पळीला चिंधी बांधून तयार होती.

त्या अगदी नीट सांगत होत्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. इतकी वर्षं ते सगळं त्यांच्यापाशी जसंच्या तसं होतं, आणि मला म्हणत होत्या आठवत नाही.

“मग सुटताना फौजेच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?” वकिलांनी विचारलं. “त्यांनी तिथंच अपंग ठरवून पाठवलं असतं. हा खटलाच उभा राहिला नसता.”

आत्याबाई पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या.

“हिच्या बानं इचारलं व्हतं.”

“माझ्या बापानं?” मी म्हणाले. “काय विचारलं होतं?”

“तुला बघायला आमी आलो व्हतो. त्याच दिवाळीच्या फुडं, आनंदा रजेवरनं माघारी गेल्यावर. पोहे झाले, सुपारी झाली. तुजा बा हवालदार. जिमीन इचारली न्हाई त्यानं, हुंड्याचं बोलला न्हाई. सुबेदारास्नी म्हनला, बाकी काय नको, पोरगा शेप वन हाय न्हवं? सुबेदार म्हनले, हाय.”

मला ते आठवत होतं. मी आत दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. आमच्याकडच्या फौजी गावांत हे असं विचारण्याची पद्धतच आहे. शेप वन नसलेल्या पोराला मुलगी देत नाहीत. बाबांनी विचारलं तेव्हा मला अभिमान वाटला होता, की माझ्या बापाला पैशाअडक्याचं नाही, माझ्या सुखाचं पडलंय.

“शबुद गेला व्हता,” आत्याबाई म्हणाल्या. “मग सुबेदारांनी आनंदाला कळवलं. येशील तो शेप वनच यी. पोरानं बापाचा शबुद राकला. डागदरफुडं छाती काढून हुबा ऱ्हायला.”

कारकुनाची बोटं थांबली होती. मग वकिलांनी जे विचारलं ते निवेदनासाठी नव्हतं, माणूस म्हणून विचारलं. “आजी, ते समजलं. पण मग सुनेच्या पायगुणाचं? ते कशासाठी?”

“अंगणात मानसं जमलेली. समदी इचारत व्हती, कशानं झालं, कशानं झालं. कुनाचं तरी नाव घ्यायला पायजे व्हतं.” त्यांनी पदर पुढं ओढला. “फौजेचं नाव घ्यावं तर सुबेदार खोटं पडत्यात. पोराचं घ्यावं तर त्यो पोटचा. ही तेवढी परक्याची व्हती.”

या वाक्याची मी किती वाट बघितली होती! रात्र रात्र मनात ठरवलं होतं, ही बाई एक दिवस कबूल होईल आणि मी तिला असं बोलेन, तसं बोलेन. प्रत्यक्षात मला रडूही आलं नाही. मला भूक लागली होती, खरं सांगते, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि बाहेरून कुठून तरी वडे तळल्याचा वास येत होता. आणि बाबा आठवत होते. माझ्या भल्यासाठी एक प्रश्न विचारणारे माझे बाबा, ज्यांना जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

नोटरीकडं आत्याबाईंनी अंगठा उठवला. शाई पुसायला कारकुनानं कागद दिला, तर त्यांनी तो न घेता अंगठा जरीच्या लुगड्याला पुसला. परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. घाटात त्यांना डुलकी लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला नाही. मला तेव्हा वाटलं, आता झालं. आता कोर्ट लिहील, की हा माणूस या बाईच्या लग्नाआधी आजारी होता, आणि त्याच्यावर सरकारचा शिक्का असेल, आणि सरकारचा शिक्का आमच्या गावात देवाच्या कौलापेक्षा मोठा.

निकाल पुढच्या पावसाळ्यानंतर आला. वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं, पेढे आणून ठेवले होते. “जिंकलो, नाईकसाहेब! आजार फौजेतल्या अपघाताचा परिणाम आहे हे मान्य. पेन्शन मंजूर.”

“तारीख?” मी विचारलं.

त्यांनी पेढ्यांचा खोका माझ्याकडं सरकवला. “घ्या तर आधी.”

“तारीख कुठली धरली, वकीलसाहेब?”

“सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदाची.”

“आणि आत्याबाईंची साक्ष?”

पेंढारकर चांगला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग निकालाची पानं उलटली आणि इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत गेले. आईनं आता दिलेलं निवेदन मुलाच्या फायद्यासाठी आहे. त्याला दुसरा कसलाच आधार नाही. उलट सुटतानाचा फौजेचा कागद सांगतो की माणूस धडधाकट होता. आणि मुख्य म्हणजे हॉस्पिटलच्या कागदावर त्याच आईनं त्या वेळी डॉक्टरांना दिलेली माहिती लिहिलेली आहे, की पहिला झटका लग्नानंतर आला, आधी कधीच काही नव्हतं. ती माहिती त्याच वेळची, कुठला लाभ मनात नसताना दिलेली, म्हणून ती खरी मानायची. म्हणजे अपघाताचं बी डोक्यात होतं, पण रोग उगवला तो लग्नानंतर. अपंगत्व धरायचं ते त्या दिवसापासून.

सत्यनारायणाचा दुसरा दिवस. मळवट, हिरवा चुडा, आणि माझ्याकडं दाखवलेलं बोट. त्या दिवसावर शिक्का बसला होता.

“अपील करता येईल,” वकील म्हणाले. “पण खरं सांगू का, एवढ्या फरकासाठी कुणी ऐकून घेणार नाही.”

“पुरे आता,” हे म्हणाले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला. मी खाल्ला. न खाऊन कुणाला सांगणार होते?

घरी आत्याबाई ओट्यावर वाट बघत होत्या. मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाल्या, “म्हंजी तवा बोलले त्ये खरं धरलं? आन् आता बोलले त्ये खोटं?”

“हो.”

“अगं पर मीच सांगतीया न्हवं, की मी तवा खोटं बोलले!”

“ते लिहिलंय त्यांनी. फायद्यासाठी बोलताय म्हणून.”

“कसला फायदा? माज्या तोंडाला काळं लावून घेतलं, ह्यो फायदा?” त्या काठी टेकून उठल्या. “ऱ्हाऊ दे तुजं कोरट. मी गावाला सांगते. गाव माजं ऐकतं.”

आणि त्या खरंच गेल्या. त्या वयात, काठी टेकत, घरोघर. शेजाऱ्यांच्या घरी सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, देवळाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, की बायांनो, माझा लेक आधीपासूनचा आजारी, सुनेचा काही दोष नाही. बायका ऐकून घ्यायच्या, हो हो म्हणायच्या. आणि त्या पुढं गेल्या की एकमेकींना सांगायच्या, इंदूनं सासूला पढवून ठेवलंय, पेन्शनीच्या प्रकरणात साक्ष द्यायला नेली होती ना. कुणी म्हणायचं, म्हातारीला आता भ्रम झाला. इतकी वर्षं त्यांनीच ते इतकं पक्कं करून ठेवलं होतं, की आता त्यांच्याच्यानं ते उपटलं जाईना. पाणवठ्यावर एक जण तर मला तोंडावर म्हणाली, “सुभेदारीणबाईनं तुज्यापायी लई केलं बाई. आता तरी त्यांस्नी दारोदार फिरवू नको.”

त्याच हिवाळ्यात माझा मुलगा रणजित भरती झाला. बेळगावला ट्रेनिंगला निघायचं होतं. त्याच्याबरोबर गावातले आणखी दोघं होते. वेशीवर गर्दी, हलगी वाजत होती, पोरांचे केस बारीक कापलेले, कान लाल झालेले, आया रडायच्या बेतात. आत्याबाईंनी आदल्याच दिवशी पाच सवाष्णी ठरवल्या होत्या, आणि त्यात पहिलं नाव माझं घेतलं होतं. कुणी तोंडावर विरोध केला नाही. त्यांचा तेवढा मान अजून होता.

ताट त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. “जा,” म्हणाल्या. “पहिल्यांदा तुज्या लेकाला.”

मी पुढं झाले. तिघं पोरं ओळीनं उभी होती. मी जवळ येते आहे हे बघून पलीकडच्या पोराच्या आईनं त्याला दंडाला धरून हळूच दोन हात लांब घेतलं. तिसऱ्याच्या चुलतीनं त्याच्यापुढं येऊन उगाच त्याची कॉलर नीट करायला घेतली आणि माझ्याकडं पाठ करून तिथंच उभी राहिली. त्याचं मला काही वाटलं नाही. सवय होती.

मी रणजितसमोर उभी राहिले. बोट कुंकवात बुडवलं आणि हात वर केला.

त्यानं पाऊल मागं घेतलं.

एकच पाऊल, आणि तेही लगेच पुढं आणलं. मान खाली केली, कपाळ पुढं केलं, म्हणाला, “लाव ना आई.” तो जाणूनबुजून हटला नव्हता, हे मला कळलं. लहानपणापासून जे ऐकत मोठा झाला ते त्याच्या पायांना ठाऊक होतं, त्याला विचारून ते पाय थोडेच हलले. मी कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. निरांजन फिरवलं ते बरोबर फिरवलं, विझू दिलं नाही. हे माझ्या मागं उभे होते. त्यांनी ते पाऊल पाहिलं होतं, आत्याबाईंनीही पाहिलं होतं.

एसटी निघाली तशी माणसं पांगली. आत्याबाई वेशीच्या दगडावर बसून राहिल्या. मी ताट घेऊन त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या अंगठ्याला कुंकू लागलं.

“इंदे,” त्या म्हणाल्या, “आता म्या कुनाला सांगू गं?”

मी त्यांना उठवलं आणि घरी घेऊन आले.